‘नंतर कळवतो’चं बटण

सात रस्ता, सोलापूर
१२ जानेवारी २०२६

ति. चनमल्लप्पा अज्जांस,
महेश्वरीचा शरणु शरणार्थी.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून अप्पा म्हणाले, पत्र लिही. अप्पांचे मामा म्हणून नाही, आपल्या वधू-वर मंडळाचे सचिव म्हणून लिहिते आहे. तुम्ही कुर्डुवाडीला मुलाकडे राहायला गेलात तरी सचिव अजून तुम्हीच आहात आणि मंडळाचे अध्यक्ष शिवानंद काका म्हणतात, अज्जांच्या सहीशिवाय काही बदलायचं नाही.

बदलायचं आहे ते असं. मंडळाची वेबसाइट कुणी उघडली की त्याच्या फोनमध्ये एक बारीक खूण जाऊन बसते. तिला कुकी म्हणतात. काही खुणा कामाच्या असतात, त्यांच्याशिवाय साइट चालत नाही. पण आपल्या साइटवर जाहिरातवाल्यांच्याही खुणा आहेत. हा माणूस लग्नाचं बघतोय, हे त्या बाहेरच्या कंपन्यांना कळवतात. मग महिनाभर त्याच्या फोनवर दागिने, हॉल आणि शेरवान्या येत राहतात.

वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम गेल्या नोव्हेंबरमध्ये निघाले. संमती मोकळेपणाने, समजून, स्वतः काही कृती करून दिलेली असली पाहिजे. आपल्या साइटवर खाली एक पट्टी येते, ‘साइट वापरता म्हणजे तुम्हाला मान्य आहे’. ही संमती नाही. दारात पाऊल ठेवलं म्हणून कुणी आपल्या पंक्तीला बसलं असं होत नाही.

मला पट्टीवर सारख्या आकाराची दोन बटणं हवी आहेत, ‘मान्य आहे’ आणि ‘नाही’. सोबत ठरावाचा मसुदा जोडला आहे. सही करून पाठवावा.

तुमची,
महेश्वरी


कुर्डुवाडी
१९ जानेवारी २०२६

चि. महेश्वरी हीस अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. अक्षर तुझ्या आजीसारखं, बारीक आणि उजवीकडे पळणारं. आपल्या घरात पदवीचा कागद आणणारी तू पहिली, म्हणून मीच शिवानंदला सांगून तुला मंडळाच्या कचेरीत बसवलं. तेव्हा तू कामात लक्ष घालतेस याचा आनंद आहे.

मसुदा वाचला. एक शब्द सोडून सगळा मान्य. ‘नाही’ हा शब्द आपल्या मंडळाच्या नावाखाली येणार नाही.

तुला माहीत नसेल म्हणून लिहितो. मंडळ १९८४ साली सुरू झालं. त्या दिवसापासून आजवर कुठल्याही मुलीच्या किंवा मुलाच्या घरी नकाराचा शब्द गेलेला नाही. स्थळ पसंत नसेल तर फोटो पाकिटात घालून परत करायचा आणि सोबत लिहायचं, ‘नंतर कळवतो’. समोरचा समजतो. पुन्हा विचारत नाही आणि चार लोकांत त्याची मान खाली जात नाही. हजारो पाकिटं मी माझ्या हाताने चिकटवली आहेत.

तू म्हणतेस दोन बटणं हवीत. दोन ठेव. दुसऱ्यावर काय लिहायचं ते मी शिवानंदला वेगळं कळवतो.

चनमल्लप्पा


सात रस्ता, सोलापूर
२८ जानेवारी २०२६

ति. अज्जांस, शरणु शरणार्थी.

काल कार्यकारिणीची बैठक झाली. तुम्ही वेगळं कळवलेलं पत्र शिवानंद काकांनी उभं राहून वाचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता पट्टीवर दोन बटणं आहेत, ‘मान्य आहे’ आणि ‘नंतर कळवतो’.

मी पाऊण तास बोलले. म्हटलं, हे बटण दाबणारा नाही म्हणतोय हे तुम्हाला कळतं, मला कळतं, साइटला कळत नाही. पुण्याच्या साइटवाल्याने सांगितलं आहे की ‘नंतर कळवतो’ म्हणजे अजून ठरलेलं नाही, तोवर खुणा चालू राहणार आणि आठ दिवसांनी पट्टी पुन्हा विचारणार. काका म्हणाले, “ठरलं नसेल तर विचारायला काय हरकत आहे?” मी म्हटलं, पण त्यांचं ठरलेलं आहे. काका म्हणाले, “मग मान्य का म्हणत नाहीत?”

मग त्यांनी कायदाच काढला. त्यात कुकी हा शब्दही नाही, हे त्यांनी कुठूनतरी शोधून आणलंय. खरं आहे, शब्द नाही. पण माणसाला ओळखता येईल अशी माहिती गोळा केली तर ती खुणेने केली काय आणि वहीने केली काय. त्यावर म्हणाले, मुख्य कलमं लागू व्हायला मे २०२७ उजाडेल, तू आत्तापासून कशाला घाम गाळतेस. हेही खरं. म्हणजे पुढच्या वर्षीपर्यंत लोकांना फसवायला मोकळीक आहे, असं मी म्हणाले. ते बैठकीत कुणाला आवडलं नाही.

शेवटी चहा आला आणि ठराव मंजूर झाला. एक माझ्या मनासारखं झालं. पट्टीखाली ‘शंका व तक्रारींसाठी संपर्क’ असं असायला हवं, तिथं माझं नाव आणि नंबर घातला. काका म्हणाले, घाल बाई, तुलाच हौस आहे.

तुमची,
महेश्वरी


कुर्डुवाडी
४ फेब्रुवारी २०२६

चि. महेश्वरी हीस आशीर्वाद.

नातवाने त्याच्या फोनवर पट्टी दाखवली. ‘नंतर कळवतो’ हे शब्द तिथं पाहून फार बरं वाटलं. चाळीस वर्षं पाकिटात जात होते ते आता सगळ्या जगाला दिसतात.

तुझा राग पत्रात दिसतो. बैठकीत फसवणूक वगैरे बोलू नये, शिवानंद मनाने वाईट नाही. माणसं अशीच चालतात. तूही हळूहळू शिकशील.

चनमल्लप्पा


सात रस्ता, सोलापूर
५ मार्च २०२६

ति. अज्जांस, शरणु शरणार्थी.

महिना झाला. आकडे देते, कारण माझ्या रागाला बैठकीत किंमत नाही.

पट्टी पाहून ज्यांनी काही दाबलं त्यांतल्या दर पाच जणांपैकी चौघांनी ‘नंतर कळवतो’ दाबलं. एका फोनवरून ते चार वेळा दाबलं गेलंय. आठ दिवसांनी पट्टी येते, तो माणूस पुन्हा तेच दाबतो. तो कंटाळून, सभ्यपणे, चार वेळा नाही म्हणतोय. साइट चारही वेळा त्याची माहिती बाहेर पाठवते.

आता खरं कारण. परवा मला एक फोन आला. बाई तुमच्या कुर्डुवाडीच्या. चार वर्षांपूर्वी नवरा गेला, एका खासगी शाळेत शिकवतात, सासऱ्यांजवळच राहतात. दोन महिने विचार करून त्यांनी एका दुपारी आपल्या साइटवरचा पुनर्विवाह विभाग उघडला. नाव नोंदवलं नाही, फक्त पाहिलं. पट्टी आली तेव्हा ‘नंतर कळवतो’ दाबलं. घरात एकच मोठा फोन, त्यांच्याजवळ फक्त बोलण्यापुरता साधा. संध्याकाळी सासरे त्यावर भजनं ऐकतात. तिसऱ्या दिवशी भजनाच्या मधोमध जाहिरात आली, ‘दुसऱ्या संसाराची सुरुवात, विधवांसाठी खास स्थळे’. मग रोज येऊ लागली. सासऱ्यांनी विचारलं, हे आपल्या घरात कसं आलं? त्या म्हणाल्या, सगळ्यांनाच येतं. सासऱ्यांनी शेजारच्याचा फोन मागून आणून पाहिला. त्याला येत नव्हतं.

त्या मला म्हणाल्या, “मी तर नाही म्हटलं होतं. आपल्यात असंच म्हणतात ना?”

मी काय सांगू त्यांना, अज्जा? पट्टीखाली माझं नाव आहे. मी साइटवाल्याला त्या विभागातल्या जाहिरातीच्या खुणा बंद करायला सांगितलं. तो म्हणतो, ठराव आणा. शिवानंद काका म्हणतात, एका बाईसाठी ठराव होत नाही. तुम्ही एक ओळ लिहिलीत तर होईल. ‘नाही’ हे बटण द्या. त्या घरात पुढं काय होणार ते मला ठाऊक नाही, पण त्यांना निदान असं सांगता यायला हवं की तुमचा शब्द आम्ही ऐकला.

तुमची,
महेश्वरी


कुर्डुवाडी
१० मार्च २०२६

चि. महेश्वरी हीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी ईश्वरप्पा आला. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, मी इथं नोकरीला होतो तेव्हापासूनचा माझा दोस्त. सोलापुरात माझी चाळीस वर्षं गेली तेव्हाही पत्र आणि जाणं-येणं सुटलं नाही. आता रोज चारला चहाला येतो. त्याचा मुलगा अपघातात गेला, सून शिवलीला शाळेत शिकवते.

त्या दिवशी त्याने चहा घेतला नाही. फोनवरच्या जाहिरातीचं सगळं सांगितलं आणि म्हणाला, “तू मंडळाचा शेक्रेटरी हायेस. माझ्या सुनंचं नाव तुमच्यात हाय का न्हाय, एवडं बघून सांग. बाकी काय मागत न्हाय.”

मी म्हणालो, बघून कळवतो.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग चपला घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळलं की त्याने सुनेचा फोन काढून घेतला आहे आणि शाळा सुटली की तिला आणायला तो स्वतः जातो.

मी कुठं काय सांगितलं त्याला? एक अक्षर बोललो नाही.

आता तू यादी बघून मला खरं काय ते कळव. नाव नोंदवलेलं नसेल तर मी त्याला तसं सांगतो, म्हणजे त्याचा संशय जाईल. उलट टपाली लिही.

चनमल्लप्पा


सात रस्ता, सोलापूर
१२ मार्च २०२६

ति. अज्जांस, शरणु शरणार्थी.

नाही.

मी यादी बघणार नाही आणि बघितली तरी सांगणार नाही. नाव असलं तरी नाही, नसलं तरी नाही. आज ‘यादीत नाही’ असं सांगितलं, तर उद्या दुसऱ्या घरचं कुणी विचारील आणि आपण गप्प बसलो की ते आपोआप ‘आहे’ होईल.

तुम्ही काही बोलला नाहीत असं तुम्हाला वाटतं. पण तुमचा ‘कळवतो’ त्या गृहस्थांना चांगला समजतो. तुम्हीच लिहिलं होतंत की समोरचा समजतो. तुम्ही नाही म्हणायला हवं होतं, त्यांनी ‘आहे’ ऐकलं.

आणि तुमच्याआधी मी चुकले. त्या बाईंनी मला विश्वासाने सांगितलं आणि मी तुम्हाला पटवण्याच्या भरात त्यांचं गाव लिहिलं, नवरा गेल्याचं लिहिलं, शाळा लिहिली. नाव तेवढं लिहिलं नाही आणि मला वाटलं मी फार जपून वागले. साइटने जे केलं तेच मी केलं, तेही चांगल्या अक्षरात. माझं पाच तारखेचं पत्र फाडून टाका. त्यावरून जे काही तुमच्या मनात आलं असेल ते कुणाजवळ बोलू नका, घरातही नाही. मी त्यांना फोन करून माफी मागणार होते. त्यांचा नंबर बंद लागतो. तो का बंद आहे ते तुमच्या पत्राने कळलं.

थोरल्या माणसाला असं लिहिणं शोभत नाही, हे मला कळतं. पण आडून लिहिलं असतं तर तुम्ही हो समजला असता.

महेश्वरी


कुर्डुवाडी
२१ मार्च २०२६

चि. महेश्वरी हीस,

तुझं पत्र आठ दिवस उशाखाली होतं. पहिले दोन दिवस मी ठरवलं होतं की तुझ्या बापाला बोलावून घ्यायचं. मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे, घरातल्या कुणी मला कागदावर असं कधी लिहिलेलं नाही.

मग सावित्रम्माची आठवण झाली. माझी धाकटी बहीण. तुझ्या अप्पांना विचार, त्यांना ती अंधुक आठवत असेल. १९७१ साली तिला एक स्थळ बघून गेलं. दहा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. ‘मुलगी रंगाने कमी, चालण्यात फरक, नकार समजावा.’ तुझी आजी सासरी गेलेली, घरात वाचता येणारा मी एकटा आणि मी कामावर होतो. पोस्टमनने गल्लीत उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर ती कुणापुढं बसली नाही. शेवटपर्यंत माझ्या घरी राहिली. मंडळ काढलं तेव्हा मी मनात म्हटलं, आपल्या हातून कुठल्या घरी नकार जाणार नाही. हे कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. तू मला हट्टी म्हातारा समजत असशील, म्हणून लिहिलं.

तुझं पाच तारखेचं पत्र फाडलं. चुलीत घातलं.

काल ईश्वरप्पाकडे गेलो. अंगणात खाट टाकून बसला होता. आत सून होती, भांड्यांचा आवाज येत होता. मी बसलो नाही. म्हणालो, “ईश्वरप्पा, तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायला आलोय. सांगणार नाही.”

तो म्हणाला, “म्हंजे हाय.”

मी म्हणालो, आहे असं नाही आणि नाही असंही नाही. तुझ्या घरचं म्हणून नाही. माझ्या नातीचं कुणी विचारलं, तिच्या बापाने विचारलं, तरी हेच. त्या दिवशी मी कळवतो म्हणालो ती चूक झाली, तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं.

आतली भांडी थांबली होती.

तो म्हणाला, “इतकी वर्सं एका किटलीतला चा पिलो. आनि आता मला न्हाय म्हंतोस व्हय?”

मी म्हणालो, “व्हय. न्हाय म्हंतो.”

त्याने तोंड फिरवलं. मी घरी आलो.

सोबत शिवानंदच्या नावाचं बंद पाकीट आहे. बैठकीत दे.

चनमल्लप्पा


सात रस्ता, सोलापूर
६ एप्रिल २०२६

ति. अज्जांस, शरणु शरणार्थी.

पाकीट बैठकीत उघडलं. आत एकच ओळ होती, ‘दुसऱ्या बटणावर नाही असे लिहावे व नाही म्हणणाऱ्याचे ऐकावे. चनमल्लप्पा, सचिव.’ शिवानंद काकांनी ती दोनदा वाचली आणि मला विचारलं, अज्जांची तब्येत बरी आहे ना?

मग पुन्हा तेच सगळं. कुकी हा शब्द कायद्यात नाही. २०२७ लांब आहे. सगळे नाही म्हणाले तर दागिनेवाले साइटवर राहतील का? मी या वेळी पाऊण तास बोलले नाही. म्हटलं, ठराव झाला नाही तर पट्टीखालचं माझं नाव काढा आणि तिथं काकांचं घाला, पुढचा असा फोन त्यांना येऊ दे. त्यानंतर फार वेळ लागला नाही.

आता बटणावर ‘नाही’ आहे, ‘मान्य आहे’ एवढंच मोठं. न दाबता पट्टी तशीच सोडली तरी ते नाहीच धरलं जातं. मराठीत आहे आणि कन्नडमध्येही. आधी हो म्हटलेल्याला एका दाबात मागं घेता येतं. पुनर्विवाह विभागातून बाहेरच्या खुणा पूर्ण काढल्या, तिथं पट्टी विचारतसुद्धा नाही. ‘नंतर कळवतो’ दाबलेल्या सगळ्यांना नाही समजून साइटवाल्याने त्यांचं जमवलेलं पुसलं. बाहेर गेलेलं मात्र परत आणता येत नाही. त्यासाठी दोन कंपन्यांना पत्रं टाकली आहेत, एकीचं उत्तर आलंय की तुमची विनंती विचाराधीन आहे.

काका रोज सकाळी विचारतात, आज किती नाही? मी आकडा सांगते. ते म्हणतात, लोकांना मंडळ नकोसं झालं वाटतं. मी रोज सांगते की लोक मंडळाला नाही म्हणत नाहीत. उद्या पुन्हा सांगीन.

सावित्रम्मा आजीबद्दल अप्पांना विचारलं. त्यांना तिच्या हातची शेंगापोळी आठवते, बाकी काही माहीत नव्हतं. मला सारखं वाटतं, अज्जा, ते कार्ड पाकिटात असतं तर काय झालं असतं.

तुमचा चहा आता कुणाबरोबर होतो?

तुमची,
महेश्वरी


कुर्डुवाडी
१३ एप्रिल २०२६

चि. महेश्वरी हीस अनेक आशीर्वाद.

चहा एकट्याने घेतो. चार वाजता किटली ठेवतो आणि सून म्हणते, एका कपाला किटली कशाला. ईश्वरप्पा येत नाही. बाजारात दिसला तर पलीकडच्या बाजूला जातो. येईल किंवा येणार नाही. मी त्याला नाही म्हटलंय, तेव्हा हे सोसायला हवं.

पाकिटाचं तू लिहिलंस ते चार दिवस डोक्यात आहे. नकार आलाच असता. पण तो तिला आणि मला कळला असता, गल्लीला नाही. हे मला पंचावन्न वर्षांत सुचलं नाही.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या रस्त्यावर शिवलीला दिसली. एकटीच चालली होती, सोबत सासरा नव्हता. मला पाहून क्षणभर थांबली, वाकून नमस्कार केला आणि पुढं गेली.

मंडळाच्या बैठकीला मे महिन्यात येईन म्हणतो. शिवानंदला आकडे मी समजावतो, तुझा घसा कशाला खराब करतेस.

वर शिवलीलेच्या मजकुराखाली दोन ओळी खोडल्या आहेत, त्या उजेडात धरून वाचू नकोस. तुला काहीतरी विचारणार होतो. विचारत नाही.

चनमल्लप्पा